हाविएरच्या नावाने: नवार्राची गढी, चिकितोसचं चर्च, सुक्रेचं विद्यापीठ

जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत उंच चौथऱ्यावर जी चांदीची पेटी आहे, तीत संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. हा माणूस मूळचा उत्तर स्पेनमधल्या नवार्राचा, जन्म ७ एप्रिल १५०६. लिस्बनहून जहाजात बसला तो आफ्रिकेला वळसा घालून ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. पुढे मलाक्का, मोलुक्का बेटं, जपान असं करत ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. अमेरिका खंडात त्याने कधी पाऊल टाकलं नाही. तरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात त्याच्या नावाची गावं विखुरलेली आहेत; स्पॅनिशमध्ये झेवियरचं ‘हाविएर’ होतं आणि संताला ‘सान’ म्हणतात. स्पेनच्याच मुर्सियात एक सान हाविएर आहे, तिथे हवाईदलाची प्रबोधिनी आहे. चिलेच्या माउले भागात द्राक्षमळ्यांचं एक आहे. उरुग्वेतलं रशियातून आलेल्या लोकांनी १९१३ साली वसवलं. अर्जेंटिनाच्या सांता फे आणि मिसिओनेस प्रांतांत एकेक आहे, आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात १६९९ चं मिशन आहे.

ही नावं पसरली त्यामागचं कारण सरळ आहे. १२ मार्च १६२२ ला रोमने त्याला संतपद दिलं, आणि नेमक्या त्याच शतकात जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच ख्रिस्ती पंथाचे पाद्री अमेरिकेत वस्त्या आणि शाळा उभारत होते. आपल्याच पंथाचा नवा संत, म्हणून नाव त्याचं.

सगळी सान हाविएरं पालथी घालण्यात अर्थ नाही. निम्म्या ठिकाणी पाटीपलीकडे संताचं काही हाती लागत नाही. या प्रवासात तीन जागा घेतल्या आहेत: ज्या गढीवरून हे नाव आलं ती, बोलिव्हियाच्या चिकितोस भागातलं मिशनचं गाव, आणि बोलिव्हियातल्याच सुक्रे शहराचं विद्यापीठ. तिन्हीकडे नाव अजून कामात आहे. पहिलीकडे लोक चालत जातात, दुसरीकडे व्हायोलिन वाजतं, तिसरीकडे शिकायला येतात.

निघण्यापूर्वी

नकाशात नुसतं ‘सान हाविएर’ टाकलं तर मुर्सिया किंवा चिले समोर येतं. बोलिव्हियाच्या गावासाठी सोबत ‘न्युफ्लो दे चावेस’ हा तिथला प्रांत टाका. जुन्या कागदांत आणि विद्यापीठाच्या नावात स्पेलिंग एक्सने असतं, आजच्या पाट्यांवर जेने, दोन्ही शोधा. चिकितोससाठी विमानाने जिथे उतरायचं त्या सांता क्रूझचंही तेच. या नावाची शहरं आणि प्रांत बरेच आहेत. तिकीट काढताना ‘सांता क्रूझ दे ला सिएर्रा’ आणि ‘विरू विरू’ विमानतळ हे दोन्ही शब्द जुळायला हवेत.

स्पेनसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, व्हिसा घेताना एकेरी प्रवेशाचा घेऊ नका. माद्रिदहून बोलिव्हियाला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. परतीला माद्रिदमार्गे यायचं तर दुहेरी किंवा बहुप्रवेशी व्हिसा लागतो. अर्जासोबत दोन्ही वेळच्या विमानांची तिकिटं जोडा आणि व्हिसा हातात आल्यावर त्यावरचा प्रवेशाचा आकडा तपासा. बोलिव्हियाचा व्हिसा वेगळा.

पीतज्वराची लस ही इथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सांता क्रूझ आणि चिकितोस या सखल भागात हा आजार आहे. शिवाय बोलिव्हियाहून भारतात परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून ती आदल्या आठवड्यात घेऊन चालत नाही. फक्त सरकारमान्य केंद्राचं कार्ड चालतं, आणि त्यावरचं नाव व पासपोर्ट क्रमांक पासपोर्टाशी अक्षरशः जुळायला हवा.

हंगाम एप्रिलअखेर ते मे धरावा. नवार्रात तेव्हा गहू हिरवा असतो आणि चालताना ऊन सोसवतं. चिकितोसचा पाऊस नोव्हेंबर ते मार्च पडतो, तो नुकताच सरलेला असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा. शेतं जाळण्याचा तो काळ, आणि काही वर्षी धुराने आठवडेच्या आठवडे आभाळ दिसत नाही.

पहिला दिवस: माद्रिद ते पाम्प्लोना

रेल्वेने तीन तासांच्या थोडं वर लागतं, बसने पाच-सहा. पाम्प्लोनाचं बसस्थानक जुन्या किल्ल्याला लागून, जमिनीखाली आहे. पोचल्यावर आधी तिथे जाऊन दुसऱ्या दिवसाच्या मोनरेआल बसची वेळ पाहा. गाड्या थोड्या असतात आणि शनिवार-रविवारी आणखी कमी होतात.

संध्याकाळी सान इग्नासिओ रस्त्यावर जावं. २० मे १५२१ रोजी या भागात, पुढे जेझुइट पंथ काढणाऱ्या इग्नेशियस लॉयोलाच्या पायाला तोफगोळा लागला, त्याची खूण तिथे आहे. तो कॅस्टिल या शेजारच्या बलाढ्य राज्याच्या बाजूने किल्ला लढवत होता. हल्ला करणाऱ्या सैन्याच्या पक्षात झेवियरचे सख्खे भाऊ होते, कारण कॅस्टिलने १५१२ मध्ये नवार्राचं राज्य गिळलं होतं. पुढे काही वर्षांनी पॅरिसमध्ये इग्नेशियस आणि झेवियर एका खोलीत राहिले आणि जेझुइट पंथाच्या पहिल्या मंडळींत सामील झाले. हाविएरची गढी अशी अर्धी पाडलेली का होती, हे उद्या-परवा कळायला हा रस्ता आधी पाहिलेला बरा.

बैलांच्या शर्यतीमुळे जगाला पाम्प्लोनाचा सान फेर्मिन माहीत आहे, पण नवार्राचे पालकसंत दोन आहेत, तो आणि झेवियर. दोघांच्या पाठीराख्यांचा वाद पोपपर्यंत गेला आणि १६५७ मध्ये दोघांना बरोबरीचा मान मिळाला. ३ डिसेंबर, म्हणजे झेवियरचा दिवस, हाच नवार्रा प्रांताचा दिवस आहे. त्या दिवशी दुकानं बंद असतात.

जेवणाची भटारखानी रात्री साडेआठ-नऊच्या आधी पेटत नाहीत. लवकर झोपायचं असेल तर बारमध्ये पावावर रचलेले छोटे पदार्थ खाऊन घ्या, आणि उद्याचा डबा आजच भरून ठेवा: पाव, चीज, फळं, सुका मेवा. रविवार असेल तर शनिवारीच.

दुसरा दिवस: मोनरेआल ते सांग्वेसा, पायी २७ किलोमीटर

मार्च महिन्यात, ४ ते १२ तारखांच्या आसपासच्या दोन शनिवार-रविवारी, हजारो नवार्रावासी घरून निघून हाविएरला चालत जातात. या यात्रेला ‘हाविएरादा’ म्हणतात. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत प्रांताने नवस बोलला आणि १८८६ च्या मार्चमध्ये तो फेडायला लोक गढीवर गेले, तिथून ही रीत सुरू झाली; आजचं तिचं रूप १९४० नंतरचं. पाम्प्लोनाहून हाविएर पन्नास किलोमीटरच्या वर आहे. यात्रेच्या दिवसांत वाटेत पाणी, मलमपट्टी, वाहनबंदी अशी सगळी व्यवस्था असते. एरवी एकट्या-दुकट्याने पूर्ण अंतर मोठ्या रस्त्याच्या कडेने चालणं कंटाळवाणं आणि थोडं धोक्याचं आहे. म्हणून मोनरेआलपर्यंत बस आणि तिथून सांग्वेसापर्यंत जुनी पायवाट.

ही वाट म्हणजे सांतियागो या स्पेनमधल्या तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या आरागॉन मार्गाचा एक टप्पा, फक्त आपण तो उलटा चालतो. गोंधळ इथेच होतो. पिवळे बाण सांतियागोकडे जाणाऱ्यांसाठी रंगवलेले असतात: दगडाच्या, खांबाच्या, भिंतीच्या त्यांच्याकडच्या बाजूला. उलट येणाऱ्याला ते दिसतच नाहीत. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहायचं, बाण कोणत्या वाटेवरून आपल्याकडे येतो ते ओळखायचं आणि त्या वाटेने जायचं. फाटा ओलांडल्यावर शंभर पावलांत पाठीमागे बाण दिसला नाही तर वाट चुकली असं समजून परत फिरावं. फोनमध्ये मार्ग उतरवून ठेवला तरी ही सवय सोडू नका. शेतातल्या ट्रॅक्टरच्या वाटा नकाशावर सारख्याच दिसतात.

मोनरेआलमध्ये दगडी पूल ओलांडून गावाबाहेर पडलं की उजव्या अंगाला इगा नावाचं शिखर दिसतं, १,२८९ मीटरचं. पहिले नऊ-दहा किलोमीटर सालिनास, आबिन्सानो, इस्को अशी लहान गावं लागतात. इस्कोला पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरा, माणशी निदान दोन लिटर. तिथून पुढे रोकाफोर्तेपर्यंत जवळजवळ पंधरा-सोळा किलोमीटर वस्ती नाही, दुकान नाही, सावलीही तुटक. चढ मोठा नाही. त्रास होतो तो उतारावर, बुटात पुढे सरकून अंगठ्याची नखं काळी पडतात. चढ संपला की नाड्या सोडून, टाच मागे घट्ट बसवून पुन्हा बांधाव्यात. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर इथली चिकणमाती बुटाला थरावर थर चिकटते आणि वेग निम्म्यावर येतो. एरवी सात-आठ तासांचं अंतर, अशा वेळी दहा तास धरा.

रोकाफोर्ते टेकडीवर आहे. असिसीचा संत फ्रान्सिस तेराव्या शतकात या वाटेने गेला आणि स्पेनमधला आपला पहिला मठ त्याने इथे स्थापला, अशी परंपरा आहे. दोन फ्रान्सिस संतांच्या जागा एका दिवसाच्या चालीत याव्यात हे मला फार आवडतं.

सांग्वेसात पोचल्यावर पाय कितीही दुखत असले तरी नदीच्या पुलाजवळच्या सांता मारिया चर्चचं दक्षिणद्वार उजेडात पाहून घ्या. बाराव्या-तेराव्या शतकातलं कोरीवकाम आहे. डावीकडे तीन मारिया, उजवीकडे पीटर, पॉल आणि तिसरा फास लावून घेतलेला, ख्रिस्ताला दगा देणारा ज्युडास. चर्चच्या दारात ज्युडासला एवढी जागा क्वचितच मिळते. वरच्या भागात उत्तर युरोपातल्या सिगुर्ड या वीराच्या कथेचाही एक प्रसंग आहे. दुर्बीण असेल तर शोधा.

तिसरा दिवस: सांग्वेसा ते हाविएर, ८ किलोमीटर

यात्रेत याच आठ किलोमीटरांवर क्रूसाची चौदा ठाणी, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या वाटेवरच्या प्रसंगांच्या प्रार्थना, म्हणत लोक चालतात. एरवी रस्ता वाहता असतो. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने डाव्या कडेने चालावं. अंधार असताना निघणार असाल तर चमकती जाकिटं घाला, वस्तीबाहेरच्या रस्त्यावर ती कायद्यानेच लागतात. दोन तासांत गढी येते.

हाविएर हे गाव म्हणायला गाव: गढी, तिला चिकटलेली बासिलिका, ग्रामचर्च, एक-दोन खानावळी आणि थोडी घरं. दिसते ती गढी बरीचशी एकोणिसाव्या शतकाअखेर पुन्हा बांधलेली आहे. १५१६ मध्ये कॅस्टिलच्या हुकमाने तिचे बुरूज खाली आणले, खंदक बुजवले, तट पाडले. तेव्हा फ्रान्सिस दहा वर्षांचा होता, आणि आदल्याच वर्षी त्याचे वडील वारले होते. १५२५ ला तो पॅरिसला गेला. बासिलिका १९०१ ची. गढी आज जेझुइटांकडे आहे.

आत क्रम असा ठेवा. आधी संग्रहालयाचा तळमजला उरकून घ्या, तिथे फार रेंगाळायची गरज नाही. अरुंद जिन्यांवरून मोठी पाठपिशवी नेता येत नाही, ती खाली ठेवावी. मग थेट क्रूसाच्या छोट्या कपेलात जा आणि निम्मा वेळ तिथे द्या. अक्रोडाच्या लाकडातला हा ख्रिस्त गॉथिक शैलीच्या अखेरच्या काळातला आहे, आणि त्याच्या ओठांवर स्मित आहे. क्रूसावरच्या मूर्तीत वेदना कोरण्याची रीत असताना कारागिराने हे कसं साधलं ते जवळून पाहावं. डोकं एका खांद्याकडे कललेलं, पापण्या मिटलेल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात अगदी थोडी वर गेलेली रेघ. बाजूला सरकलं की ती रेघ नाहीशी होते, समोर आलं की परत दिसते. भिंतींवर हाडांचे सापळे नाचताना रंगवले आहेत. मृत्यूच्या नाचाची अशी भित्तिचित्रं स्पेनमध्ये फार दुर्मीळ. लहानपणी फ्रान्सिसने प्रार्थना केली ती या खोलीत. आशियात त्याचा जीव गेला तेव्हा इथल्या मूर्तीला रक्ताचा घाम आला, अशी इथली आख्यायिका.

शेजारच्या ग्रामचर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला तो दगडी कुंड दाखवतात. गोव्याहून येणाऱ्यांना हा क्षण मोठा वाटतो, आणि वाटावाच: इथे सुरुवात, मांडवीकाठी शेवट.

चौथा आणि पाचवा दिवस: लेइरे, मग माद्रिद

येसा गावावरच्या डोंगरात लेइरेचा बेनेडिक्टाइन मठ आहे. वर जायला बस नाही. सांग्वेसाहून टॅक्सी सांगा आणि परतीची वेळ आधीच ठरवून घ्या. १०५७ मध्ये अभिषेक झालेलं तळघर पाहण्यासारखं आहे. खांब इतके बुटके आहेत की त्यांचे माथे जवळजवळ कमरेला लागतात. संन्याशांचं ग्रेगोरियन गायन प्रार्थनेच्या वेळीच ऐकायला मिळतं. त्यानंतर पाम्प्लोनामार्गे माद्रिद. पाचव्या दिवशी कपडे धुवून घ्या, आणि रात्री सांता क्रूझचं थेट विमान धरा, अकरा-बारा तासांचं.

सहावा दिवस: सांता क्रूझ

विमान पहाटे उतरतं. बोलिव्हियाची वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. त्या दिवशी पुढे निघू नका, तीन कामं करा. पहिलं पैशांचं. २०२३ पासून देशात डॉलरची टंचाई असल्यामुळे कार्डाचा दर आणि रोखीचा दर यांत मोठा फरक पडत आला आहे. त्या आठवड्यातला फरक हॉटेलात विचारूनच ठरवा, आणि गावांसाठी लहान नोटा घ्या. दुसरं, पुढच्या रस्त्याची चौकशी. सांता क्रूझहून उत्तरेला जाताना सान हुलियान लागतं आणि तिथे रास्ता रोको वरचेवर होतो. एकदा सुरू झाला की दिवसच्या दिवस चालतो, आणि अडवलेल्या ठिकाणाहून वाट काढायचा प्रयत्न करू नये. म्हणून बेतात एक दिवस मोकळा ठेवा. तिसरं, तिकीट. बसगाड्या बिमोदाल स्थानकावरून सुटतात, रेल्वे आणि बस एकाच आवारात. ‘त्रुफी’ म्हणजे भरली की सुटणारी वडाप; बसपेक्षा जलद, पण चालकाच्या झोपेकडे लक्ष ठेवावं लागतं. दिवसाची गाडी घ्या.

सातवा दिवस: सान हाविएर

अंतर २२० ते २३० किलोमीटर, चार-पाच तास. पाइलोनजवळ रिओ ग्रांदे ही नदी ओलांडली की सोयाबीनचा सपाट मुलूख सुरू होतो. थांब्यांवर निळ्या डांगरी आणि टोप्यांतले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी चीज विकताना दिसतात. सान रामोनला रस्ता उजवीकडे फुटतो आणि टेकड्या लागतात.

गावाची स्थापना ३१ डिसेंबर १६९१ ची. चिकितोसमधली ही पहिली मिशनवस्ती. साओ पाउलोहून माणसं पकडून गुलाम करणाऱ्या टोळ्या येत, त्यामुळे ती हलवावी लागली आणि १७०८ पासून आजच्या जागी आहे. निरनिराळ्या बोली बोलणारे गट इथे एकत्र आणले गेले, चिकितानो ही सगळ्यांची भाषा ठरवली गेली. साथींनी माणसं मेलीही पुष्कळ. हे माहीत असूनच पुढचं चर्च पाहावं.

ते बांधलं मार्टिन श्मिड या स्विस जेझुइटाने, १७४९ ते १७५२ या काळात. श्मिड मुळात संगीताचा माणूस, वाद्यं घडवून मुलांना शिकवणारा. बांधकाम त्याने गरजेपोटी अंगावर घेतलं. पद्धत समजून घेतली की इमारत वेगळी दिसू लागते. आधी जंगलातले कठीण लाकडाचे अखंड सोट जमिनीत पुरून खांबांच्या रांगा उभ्या करायच्या. त्यांवर तुळया, वासे आणि कौलं. भिंती सर्वांत शेवटी, मातीच्या कच्च्या विटांच्या. छपराचा भार भिंतींवर नसतोच, भिंत फक्त आडोसा. आतले खांब पिळाचे कोरलेले आहेत, प्रत्येक एकाच झाडाचा. पुढची-बाजूची पडवी इतकी खोल ठेवलेली की वळवाचा तिरपा पाऊसही भिंतीपर्यंत पोचत नाही.

अशा इमारती दोन जागी मार खातात. खांब जमिनीत शिरतो तिथला वीतभर भाग कधी ओला, कधी कोरडा राहतो, आणि कुज व वाळवी तिथूनच चढते. दुसरं, पागोळी गळू लागली की कच्च्या विटा विरघळतात. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं, तरी गावकऱ्यांच्या पंचायतीने, ‘काबिल्दो’ने, चर्चं चालू ठेवली. पण दोनशे वर्षांत लाकूड थकलं. १९७२ मध्ये हान्स रोथ हा स्विस वास्तुतज्ज्ञ दुरुस्तीला आला आणि १९९९ मध्ये मरेपर्यंत याच कामात राहिला. त्याने स्थानिक सुतार तयार केले, हे त्याचं मोठं काम. सान हाविएरची दुरुस्ती १९८७ ते १९९३ मध्ये झाली. युनेस्कोच्या यादीत १९९० मध्ये या भागातली सहा गावं गेली, त्यात हे आहे.

चर्च सकाळी आणि संध्याकाळच्या मिस्सेच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या, आसपास हमखास उघडं मिळतं. भर दुपारी कुलूप. आतल्या चौकात सुटा लाकडी घंटाघर आहे. मिस्सेच्या वेळी फोटो नको.

आठवा दिवस: सान हाविएरमध्येच

सहल कंपन्या इथे तासभर थांबून कोन्सेप्सिओनला पळतात. ही चूक आहे. या गावाचं खरं वैभव कानांनी कळतं, आणि त्याला संध्याकाळ लागते. मुलांचा वाद्यवृंद आणि संगीतशाळा यांचा सराव कधी असतो ते चर्चच्या कचेरीत विचारा. रोथच्या लोकांना सान राफाएल आणि सांता आनात जुन्या स्वरलिपीची पाच हजारांहून जास्त पानं सापडली. गावकऱ्यांनी ती नकलून नकलून जपली होती. त्यात दोमेनिको झिपोली या जेझुइट संगीतकाराच्या रचना आहेत, आणि चिकितानो भाषेतलं, कर्त्याचं नाव नसलेलं एक छोटं संगीतनाट्य याच संताच्या नावावर आहे. पिओत्र नाव्रोत या पोलिश धर्मगुरू-संशोधकाने यातलं बरंच संगीत पुन्हा वाजवण्याजोगं केलं. १९९६ पासून सम वर्षांत, एप्रिलच्या सुमारास, या गावांत बारोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय शैलीच्या, संगीताचा महोत्सव भरतो. गावांतल्या बऱ्याच मैफली फुकट असतात, पण राहायची खोली काही महिने आधी धरावी लागते.

दिवसाउजेडी गावाबाहेरच्या आपोस्तोलेस नावाच्या शिळा पाहाव्यात. १३-१४ किलोमीटरवर गरम पाण्याचे झरे आहेत; मोटारसायकल-टॅक्सीने जाता येतं, पाऊस झाला असेल तर नको. २९ जूनला आलात तर पिसांची शिरोभूषणं घातलेल्या यारितुसेसचा नाच मिळेल. गावाचा स्वतःचा सण मात्र ३ डिसेंबरला, जुन्या गोव्याच्या फेस्ताच्याच दिवशी.

खाण्यात ‘कुन्यापे’ चुकवू नका. युका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. त्याची पिठी, तिच्या साधारण दुप्पट वजनाचं ताजं चीज, अंडं आणि लागेल तेवढं दूध मळून लिंबाएवढे गोळे भट्टीत भाजतात. अंडं असल्यामुळे उपासाला चालायचं नाही. गरम असेपर्यंत आतून लवचीक लागतं. गार झालं की पिठी आखडते आणि ते रबरासारखं होतं, म्हणून भट्टीतून येईल तेव्हाच घ्यावं. शाकाहारी मंडळींनी ‘मांसाशिवाय’ एवढंच सांगून भागत नाही, त्यात कोंबडी येऊ शकते. ‘कोंबडी नको, सुकं मांस नको, चरबी नको’ असं सुटं सुटं सांगा. वाफवलेली युका, भात, तळलेलं केळं आणि अंडं कुठेही मिळतं. सोबत ‘मोकोचिन्ची’, सुकवलेल्या पीचचं थंड पेय.

रात्रीसाठी एक जाड कपडा जवळ ठेवा. दक्षिणेकडून ‘सुरासो’ हा वारा मेपासून कधीही सुटतो आणि तीस अंशांवरचा पारा एका दिवसात पंधराच्या खाली आणतो. डास मात्र संध्याकाळी असतातच.

नववा आणि दहावा दिवस: कोन्सेप्सिओन, मग परत सांता क्रूझ

साठेक किलोमीटर, दीड तास धरा. इथलं चर्चही श्मिडचं. सापडलेली स्वरलिपी इथल्या संग्रहात ठेवली आहे. दुरुस्तीच्या कार्यशाळेत लाकूड कोरताना पाहायला मिळालं तर सान हाविएरच्या खांबांचा उलगडा होतो. चार दिवस हाताशी असतील तर पुढे सान इग्नासिओ, सान मिगेल, सान राफाएल, सांता आना करत सान होसेला उतरावं आणि तिथून सांता क्रूझ. गावांची नावं वाचली तरी संतांची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. पावसात सान राफाएल ते सान होसे हा तुकडा टाळा.

अकरावा दिवस: सुक्रे

रात्रीची घाटातली बस बारा तासांहून जास्त घेते. विमान तासाच्या आत पोचवतं, पण चारशे मीटरवरून एकदम अठ्ठावीसशेवर नेतं. पहिल्या दिवशी डोकं जड होतं आणि जिना चढताना दम लागतो. हॉटेलात पिशवी टाकून दोन तास पडा, पाणी प्या, रात्री हलकं जेवा. कोकाच्या पानांचा चहा इथे सर्रास देतात. प्यायला हरकत नाही, पण पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात आणू नका, अमली पदार्थांच्या कायद्यात सापडाल.

विद्यापीठाचं नाव ‘सान फ्रान्सिस्को हाविएर दे चुकिसाका’, स्थापना २७ मार्च १६२४, म्हणजे संतपद मिळून दोनच वर्षांनी. कायदाशाळेचा जुना चौक हुनिन रस्त्यावर आहे. पण आधी २५ मे चौकातल्या ‘कासा दे ला लिबेर्ताद’मध्ये जा. तिचं मुख्य दालन मुळात जेझुइट विद्यापीठाचं कपेल. विद्यार्थी इथे परीक्षकांसमोर उभे राहून प्रबंधाचा बचाव करत. याच विद्यापीठात शिकलेल्या वकिलांनी २५ मे १८०९ च्या उठावात पुढाकार घेतला, आणि याच दालनात ६ ऑगस्ट १८२५ ला बोलिव्हियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला. संताचं नाव मिशनऱ्यांनी दिलं, पण ते सार्थ केलं वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यांनी, असं मला इथे उभं राहिलं की वाटतं. सोमवारी ही वास्तू बंद असते आणि इतर दिवशी दुपारी मधली सुट्टी घेते. मार्गदर्शकाबरोबर गेलात तर समजतं, नुसतं हिंडून समजत नाही.

बारावा दिवस: परत

सकाळी ‘साल्तेन्या’ खा. आत पातळ रस असलेली ही करंजी दुपारनंतर मिळत नाही. टोक चावून आधी रस शोषून घ्यायचा, मग उरलेली खायची, नाहीतर सदरा भरतो. बिनमांसाची क्वचितच मिळते. सुक्रेचा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे, आणि डोंगरातल्या हवेमुळे विमानं वेळा बदलतात. म्हणून सुक्रेहून सांता क्रूझला आणि तिथून माद्रिदला एकाच दिवशी निघू नका, मध्ये एक रात्र ठेवा. पिवळं कार्ड सामानात टाकू नका. मुंबईत उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेआधी आरोग्य खात्याच्या टेबलावर ते दाखवावं लागतं.